हमादीकाकांच्या पोटातला जंतू

…आणि वर लोक म्हणतात, तुमचं काय, सगळं यंत्रच करतं. तुम्हाला सांगते, शौचाची डबी मागायला यंत्र जात नाही, नरजिस जाते, म्हणजे मी. माझी तक्रार नाही… पण स्फाक्स शहरातल्या प्रयोगशाळेत मी माणसाच्या आतड्यातल्या जंतूंची जनुकं वाचते. म्हणजे काय, तर जंतूचा अख्खा मजकूर चिंध्या होऊन येतो आणि कॉम्प्युटर कडेला कड जुळवत बसतो. तर समोरच्या केरकेना बेटावरच्या हमादीकाकांच्या डबीत असा जंतू निघाला, जो जगातल्या कुठल्याच यादीत नाही. सगळं जुळलं, तीन जागा सोडून. तिथे एकच ओळ पुन्हा पुन्हा. आता कुठली चिंधी कुठे लावायची? लांब तुकडे हवेत, म्हणजे ताजी डबी हवी. गेले.

काका ऑक्टोपस धरायचे सापळे दुरुस्त करत होते. "एकदा दिली होती ना पोरी? सांडलीस का?"

"नाही काका, कमी पडली."

"कमी? गल्लीत माझ्याइतकं जेवतं कोण?"

हट्टाला पेटून दुसऱ्या दिवशी सकाळी दिली, भरून. माझी तक्रार नाही… पण परतीची बोट वाऱ्याने दोन तास अडली, पेटीतला बर्फ वितळायला लागला, सहा महिन्यांचं काम मांडीवर धरून मी बसलेली, आणि शेजारची बाई विचारते, "ऑक्टोपस का? केवढ्याला देतेस?"

"विकायचा नाही."

"एवढा भारी?"

"असा एकच आहे हो."

बिचारीने आपल्या मासळीतला ओंजळभर बर्फ माझ्या पेटीत ओतला. मी घाईने झाकण लावलं.

जंतूचा मजकूर गोल असतो; नवव्या दिवशी पडद्यावर त्याचं अख्खं वर्तुळ उमटलं, एकही फट नाही. मी एकटीच हसत बसले, बराच वेळ. काकांना फोन केला, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉफीखान्याला ठाऊक, की जगात कुणाकडे नाही ते हमादीच्या पोटात आहे. "नाव माझंच द्यायचं," काकांनी बजावलं.

माझी तक्रार नाही, पण नियम म्हणतो घरातली दुसरी माणसंही तपासा. काकांच्या बायकोची, सलूहाकाकूंची डबी तपासली. तोच जंतू. दुप्पट.

काका भडकले. "चाळीस वर्षांत एक वस्तू माझी एकट्याची म्हणून ठेवली नाही हिने." काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं माझ्या हातचं खातोय, पोटात माझंच असणार. नाव माझं दे."

मी जंतूला बेटाचं नाव दिलं. आता बेटावर गेले की दोघंही रुसून वेगवेगळा चहा करतात… आणि मला दोन्ही प्यावे लागतात.