डोव्हरला अडलेलं विरजण

तुम्ही हसाल, पण फ्रान्सहून परतायच्या आदल्या रात्री सासूबाईंच्या विरजणाने माझी झोप उडवली होती. पुण्याहून आणलेलं ते विरजण इंग्लंडातल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या बंद घरात मरेल, म्हणून त्यांनी सुट्टीतही भाड्याच्या कॅम्परव्हॅनमधून सोबत घेतलं होतं. आणि युरोपातून परत येताना दुधाचे पदार्थ आणायला बंदी!

डोव्हर बंदरावर कस्टम्सच्या माणसाने आत डोकावून विचारलं, "दुधाचं काही?"

मी 'नाही' म्हणणार, तेवढ्यात सासूबाईंनी डबाच पुढे केला. "लेकरासमोर खोटं नको गं."

तो बिचारा ओशाळला. "सॉरी, हे नेता येणार नाही."

"पोटातून चालेल का, विचार त्याला."

मी विचारलं. तो हसला. "पोटं आम्ही तपासत नाही."

मग काय, उरलेल्या भातात तिथेच दही कालवलं. एरवी दह्याला तोंड न लावणाऱ्या आमच्या चार वर्षांच्या ईशानेही मागून घेतलं.

"आता रिकामा डबा?" मी त्या माणसाला विचारलं.

"रिकामा चालेल."

मी पडले कायद्याला घाबरणारी! लगबगीने डबा विसळायला उठले, तर त्यांनी मनगटच धरलं. "राहू दे. कडेला लागलेलं पुरतं विरजणाला."

खोटं एक अक्षर नाही, आणि विरजण शाबूत! मी मनातल्या मनात त्यांना साष्टांग नमस्कार घातला.

नवऱ्याने गाडी सुरू केली, मी श्वास सोडला, आणि ईशा खिडकीतून त्या माणसाला ओरडून म्हणाली, "डोन्ट बी सॅड! आजी विल मेक इट अगेन इन द डर्टी डबा!"