पंक्चरवाल्याचा मोर्चा

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या मास्तरीणबाईंना शेजारच्या बाकावरचं नवरा-बायकोचं भांडण चुकवता येत नव्हतं.

“आपलं पंक्चरचं दुकान चालतं खड्ड्यांवर, आणि खड्डे बुजवा म्हणून मोर्चा काढलात तुम्ही!”

“अगं, गिऱ्हाईक रस्त्याला शिव्या घालतं, तेव्हा हो ला हो करावंच लागतं.”

“मग हो म्हणून गप्प बसायचं. नगरपालिकेच्या पायरीवर चढून भाषण ठोकायला कोणी सांगितलं होतं?”

“लोक टाळ्या वाजवायला लागले गं.”

“वाजवणारच. काल सभेत अख्खा रस्ता मंजूर झाला. आता काय दुकानात बसून माशा मारणार?”

“नगराध्यक्षांनी स्वतः हात मिळवला माझ्याशी.”

“मग तो हात जपून ठेवा. यापुढे त्या हाताला दुसरं काही लागायचं नाही.”

“बरं, रस्त्याचं काम कोणाला मिळालंय, ते तरी विचार.”

“कोणाला?”

“तुझ्या दादाला.”

मास्तरीणबाईंनी गालावरचा हात काढला.

“आपल्या दादाला? आपल्या बाथरूमची फरशी घातली, त्याला?”

“त्यालाच. अजून अंघोळीचं पाणी जाळीत न जाता स्वयंपाकघरात येतं.”

बायकोने मांडीवरची पिशवी सावरली.

“हे बघा, माझ्या माहेरच्यांना नावं ठेवलेली मला खपायची नाहीत, सांगून ठेवते.”

“मी कुठे ठेवली?”

“आणि जाताना पंक्चरचं सोल्युशन घेऊन ठेवा. मोठे डबे घ्या.”