शाळेतली लाल पावलं

तुम्ही हसणार आहात, तरी सांगते. माण तालुक्यातल्या एका शाळेच्या पाट्या, बाण, भिंतींचे रंग, सगळं काम माझ्याकडं होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅडम, पहिलीच्या पोरांना बाथरूम सापडेपर्यंत चड्डी ओली होते. तेवढं बघा."

पोरांना वाचता येत नाही, म्हणून मी डोकं चालवलं. वर्गापासून थेट बाथरूमच्या दारापर्यंत फरशीवर छोटी छोटी लाल पावलं रंगवली आणि साताऱ्यात सगळ्यांना फोटो दाखवत मिरवले.

आठवड्यानं बाईंचा फोन. "मॅडम, पोरं पावलांवर पायच देत नाहीत. पाय लागंल म्हणून भिंतीला चिकटून सरकतात. काल एकाचं निम्म्या वाटेतच झालं."

पळतच गेले. नातवाला सोडायला आलेल्या एक आजी एकेका पावलाला नमस्कार करत पुढं चाललेल्या. मी मागोमाग. पावलं संपली तिथं आजींनी आत डोकावलं आणि वळून विचारलं,

"ही कुणी काढली गं?"

"मी काढली, आजी."

"लय झ्याक हायत. पर बाय, लक्ष्मीला येवढी घाई झालती व्हय?"