अम्मीचा फ्राईड राईस

तुम्ही माझ्या खानावळीत खिम्याचा फ्राईड राईस मागवलात म्हणून सांगते. टायफॉईडनंतर आमची अम्मी आठवडाभर नुसत्या पेजेवर होती. एका दुपारी स्वतःहून म्हणाली, "खिमा घालून फ्राईड राईस कर गं."

मी म्हशीचा खिमा आणला, कांद्याची पात घालून भात परतला. तेवढ्यात आमच्या नगरच्या गल्लीतलेच तिघे दारात आले.

"भाभी, कसलं मटण हाय? गाईचं तर न्हाई ना?"

"म्हशीचं हाय. ही बघा पावती."

त्यांनी पावतीचा फोटो काढला आणि गरम कढईच उचलली. "तपासायला नेतो."

शेजारी दारातून बघत होते.  मी दार लावून घेतलं.

आतून अम्मीनं विचारलं, "झाला का गं भात?"

"करपला, अम्मी."

"चालंल. करपलेलाच दे."