ब्रिजिटबाईंचं पुढचं दार

मंडळी, आज आधी प्रश्न, मग झांजा. आपलं भलं होत असेल, तर शेजारच्याचा अपमान आपण मुकाट्यानं बघावा का? लगेच मान हलवू नका — आधी ऐका.

अमेरिकेच्या पश्चिमेला, नेवाडाच्या वाळवंटात एक गाव होतं. गाव कसलं — एक झरा आणि चार झाडं. तुम्ही भुसावळकर, वाफेच्या इंजिनाला पाणी किती लागायचं, ते मी तुम्हाला काय सांगू? रेल्वे कंपनीनं झरा पाहिला, रूळ टाकले, भर उन्हात जमिनीचा लिलाव केला, इंजिनदुरुस्तीचा कारखाना काढला. गाव कंपनीचं, नळ कंपनीचे, दिवेसुद्धा कंपनीचे! सूर्य तेवढा सुटला, कारण तिथवर हात पोचेना.

स्टेशनासमोर ब्रिजिट मल्हर्न या आयरिश विधवेची खानावळ होती. मागे स्वतःची विहीर. आणि मदतीला एझ्रा टिल्मन — काळा माणूस. कारखान्यात इंजिनं धुवायचा, सुट्टीच्या दिवशी बाईंच्या भट्टीवर पाव भाजायचा. बाईंचा नवरा वारला, तेव्हा यानंच खानावळ बंद पडू दिली नाही.

पुढे कामगारांनी संप केला. कंपनीनं काय करावं? कामगारांच्या गल्लीचं पाणी तोडलं. वाळवंटात! ब्रिजिटबाईंनी विहीर उघडली. कंपनीचा साहेब आला. म्हणाला, "बाई, विहीर बंद करा. नाहीतर आमचा एकही प्रवासी तुमच्याकडे जेवणार नाही."

बाई म्हणाल्या, "मग त्यांना उपाशी न्या. गल्लीतली पोरं मी तहानलेली ठेवणार नाही."

संप मोडला. कंपनीनं राग काढला — कारखानाच उचलून दुसऱ्या गावी नेला. घरांना कुलपं लागली. एझ्राचं काम गेलं, तो कायमचा भट्टीवर आला. दोघांनी तग धरला.

मग दिवस पालटले. जवळच्या नदीवर मोठं धरण बांधायला घेतलं, आणि सरकारनं जुगाराला परवानगी दिली. (मागच्या रांगेतले सावरून बसले — बसा, बसा.) स्टेशनासमोर कॅसिनो उभे राहिले. बाईंच्या भिंतीला लागून असलेल्या कॅसिनोचा मालक प्रुइट, जिभेवर साखर. बाईंना म्हणाला, "मधली भिंत पाडतो, झुंबरं लावतो. तुमची खानावळ माझ्या कॅसिनोला जोडू. मालकीण तुम्हीच. फक्त काळी माणसं पुढच्या दारानं येणार नाहीत, टेबलावर बसणार नाहीत. गिऱ्हाईक बिथरतं. एझ्रानं मागच्या दारानं यावं."

बाई तर थकल्या होत्या हो. गुडघे गेलेले, गिऱ्हाईक तुटलेलं. एझ्रा स्वतःच म्हणाला, "बाई, सही करा. मला सवय आहे."

ते 'सवय आहे' बाईंना लागलं. त्या म्हणाल्या, "तुला असेल. मला ती लावून घ्यायची नाही."

प्रुइटनं बाईंचा दूधवाला फितवला, खाटीक फितवला; माल येईना. खानावळ बंद पडली. हरल्या की बाई! देव कुठे होता, असं तुमच्या मनात आलंय. आलंच पाहिजे.

बाई रुळांपलीकडे गेल्या. काळ्या माणसांना शहरानं तिकडे ढकललं होतं — रस्ता नाही, नळ नाही. तिथं दोघांनी एका खोलीत खानावळ मांडली. पाटीवर नावं दोघांची. कॅसिनोच्या रंगमंचावर गाणारे काळे गवई, ज्यांना तिथं टाळ्या मिळत पण ताट मिळत नसे, ते इकडे येऊन जेवायचे आणि मनासारखं गायचे. बोलबाला झाला. एका रविवारी दुपारी प्रुइट पाहुण्यांना घेऊन हजर!

"आम्ही कुठून यायचं?" त्यानं विचारलं.

एझ्रा हात पुसत म्हणाला, "इथं एकच दार आहे, साहेब."

आतून बाई म्हणाल्या, "आणि रांगही एकच."

प्रुइट माघारी गेला. पाहुणे रांगेत थांबले.

बरीच वर्षं गेली. तिथल्या काळ्या माणसांनी मोर्चाचा इशारा दिला, तेव्हा कुठे कॅसिनोंची दारं उघडली. बाई तोवर वारल्या होत्या. म्हातारा एझ्रा चांगला कोट घालून प्रुइटच्या कॅसिनोत पुढच्या दारानं गेला, मधल्या टेबलावर बसून पोटभर जेवला, आणि वाढप्याला म्हणाला, "मीठ कमी आहे."

हसलात? छान. आता मी तुमच्या स्वयंपाकघरात येतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप — तो फडताळात इतर कपांबरोबर असतो, की खिडकीत पालथा? मला सांगू नका. उद्या सकाळी त्यांना त्याच कपबशीतून चहा द्या, ज्यातून तुम्ही पिता. ते जमत नसेल, तर आज हरीचं नाव जरा हळूच घ्या. त्या मावशी इथंच बसल्यात, ऐकताहेत.