होडीची खांदी

आचऱ्याच्या एस.टी. थांब्यावर सेलिनाच्या शेजारी बसलेली म्हातारी, झाडं छाटणाऱ्या जनूला विनवत होती.

"फणस मुळासकट पाड रे. गेल्या पुरात घरावरची खांदी कडाडली, जीव गेलो माझो!"

"काकी, पाडलंस तर होडी खंय बांधतलंस?"

"तांय खरां. पुरात तेकाच होडी बांधून माझो नातू भायर काढलो."

"मगे? घरावरच्यो खांदयो दोर लावन उतरवतंय. खाडीकडची ठेवतंय. फणस हलको झालो काय वारो आरपार जातलो."

"कोयतो लावच्याआधी नारळ ठेव. झाडाक सांगान काप."

"सांगतंय गो. खोबरां मात्र माका!"

सेलिनाने हातातला, आंब्याचं झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज पिशवीत परत सारला.

"जनूभाऊ, आमच्या दारातलो आंबोय बघशात? खाडयेकडेनच आसा."