शेवटची पंगत

टक्. टक टक्. टक टक्.

घाबरू नका, माइक बिघडलेला नाही. मीच बोटाने वाजवून पाहिलं. बोलायला उभा राहिलो की मला आधी हा आवाज ऐकू येतो. आमच्या शाळेत शांतवन सरांची अंगठी टेबलावर अशी वाजायची, लघूला हलकी, गुरूला जरा दाबून. वर कविता चालायची आणि तिच्याखालून ती अंगठी, पालखीखालून भोई चालावेत तशी. सर जाऊन किती काळ झाला. शाळेचं ते टेबलही आता कुणाच्या चुलीत गेलं असेल. आवाज तेवढा राहिला.

असो. व्यासपीठावर विराजमान असलेल्या स्नेहसभेच्या अध्यक्ष माननीय क्षमाताई, आजचे सत्कारमूर्ती, निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि आपले मावळते कार्याध्यक्ष आदरणीय भय्यासाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मी भाषण लांबवणार हे ओळखून आत्ताच घड्याळाकडे पाहणाऱ्या पद्मजावहिनी, चिटणीस अनुपम, आणि घमापुरापासून महाराजपुरापर्यंतच्या, शनिवारची दुपारची झोप मोडून इथे आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

क्षमाताईंनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. ताई, मी जन्मभर मराठी शिकवली, तीही जबलपुरात. मराठी समजते पण तोंडातून हिंदीच निघते, अशा मुलांना. थोडक्यात भागत असतं तर माझे केस एवढे पांढरे झाले असते का?

भय्यासाहेब पुढच्या आठवड्यात कन्येकडे, मेघनाकडे, बंगळूरला कायमचे जात आहेत. कांचघर भागातलं त्यांचं घर रिकामं झालं. काल मी तिकडून येत होतो तर व्हरांड्यातला झोपाळाही उतरवलेला दिसला. नुसत्या कड्या लोंबत होत्या. या वयात माणसं जातात त्याचं फार काही वाटत नाही, असं आपण म्हणतो. पण त्या कड्या पाहवल्या नाहीत.

या माणसाच्या सचोटीबद्दल मी काय सांगावं? एका लग्नात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. भय्यासाहेब तेव्हा नोकरीत होते. वाढायला जो गृहस्थ आला, त्याचा खटला यांच्यापुढे चालू होता. त्याने जिलबी पानात टाकली मात्र, भय्यासाहेब पानावरून उठले. वहिनींना काही समजेना. त्याही उठल्या. त्या दिवशी वहिनींनी काय ऐकवलं असेल, ते मी इथे सांगत नाही. वहिनी हसत आहेत, म्हणजे अजून आठवतं आहे.

तर असा हा सरळ माणूस. म्हणूनच आज त्यांना नुसता नारळ देऊन पाठवायला मन घेत नाही. भय्यासाहेब, मला तुमच्याकडे काही मागायचं आहे. तुम्ही गेल्यावर मी ते कुणाकडे मागणार?

नव्या मंडळींसाठी सांगतो. आपल्या या सभागृहात मुंज असो, लग्न असो की गणपतीचं जेवण, यजमान आणि पाहुणे जेवून झाले की शेवटची एक पंगत बसायची. ते समोरचं दार उघडायचं, आणि रस्त्यावरून जो आत येईल त्याने पान घ्यायचं. हमाल येत, नदीच्या घाटावरून परतणारे बैरागी येत, घमापुरातल्या एकट्या बायका येत. नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही. ज्याच्या घरचं कार्य, त्यानेच स्वतः वाढायचं, एवढा एकच दंडक. तो कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नाही. माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. मला ती पंगत लहानपणी कवितेच्या शेवटच्या कडव्यासारखी वाटायची. ते म्हटल्याशिवाय कविता संपली असं वाटत नाही ना, तसं.

मग ते प्रकरण झालं. एका लग्नात कुणा ठेकेदाराची धडधाकट माणसं घुसली, बादल्या भरून अन्न उचलून घेऊन गेली. धक्काबुक्की झाली, खिडकीची काच फुटली. यजमान बिचारे हात जोडत फिरत होते. भय्यासाहेब अस्वस्थ झाले ते योग्यच होतं. त्यांनी उपसमिती नेमली. ठरलं असं की, अन्न खऱ्या गरजूलाच मिळावं. त्यासाठी अर्ज, उत्पन्नाचा दाखला, चौकशी आणि मग कूपन. फार नेटका ठराव होता. मी वाचला आहे, त्यात शुद्धलेखनाचीसुद्धा एक चूक नाही.

त्या चौकशीच्या दिवशी मी वाचनालयाची किल्ली घ्यायला कार्यालयात आलो होतो. आत इंदूबाई बसल्या होत्या. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांना पाहिलं आहे. विधवा बाई, मूळच्या अमरावतीकडच्या, शेवटच्या पंगतीत भिंतीला टेकून बसायच्या आणि ताकाची तारीफ करायच्या. ताक बिघडलं असेल तर तेही सांगायच्या.

अनुपमने विचारलं, "मुलगा काय करतो, बाई?"

"नागपूरले हाय. कंपनीत."

"अच्छा, मग तो पैसे पाठवत असेल."

"तेच त मी तुमाले विचारून राहिली, भैया. तुमच्या कागदात तसं लिहून असन त सांगा, मी टपालवाल्याले पकडतो."

अनुपमला हसू आलं. भय्यासाहेब हसले नाहीत. अगदी मायेने म्हणाले, "इंदूबाई, आईला सांभाळणं ही कायद्याने मुलाची जबाबदारी आहे. मुलगा कमावता असताना आम्ही तुम्हाला निराधार म्हणू शकत नाही. तुम्ही त्याच्यावर दावा लावा. मी वकील देतो."

"दावा? पोट्ट्यावर? बरं, लावला. तो निकाल लागेपर्यंत मी जेवू नोको काय, साहेब?"

इंदूबाईंनी पदर सावरला, "चलो, येतो बाप्पा," म्हणाल्या आणि या दारातून गेल्या. पुढे मी घमापुरात त्यांच्या खोलीवर जाऊन आलो. तिथे दुसरं बिऱ्हाड होतं. शेजारीण म्हणाली, "कहाँ गई, पता नहीं, मास्टरजी." परत येताना चढ फार वाटला. एरवी तो चढ आहे हे माझ्या लक्षातही येत नसे.

त्यानंतर मी भय्यासाहेबांशी भांडलो. म्हणजे माझ्यासारखा मास्तर भांडतो तेवढाच. ते म्हणाले, "सर, वाईट मलाही वाटलं. पण दया वेगळी, न्याय वेगळा."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं, भय्यासाहेब. कारण मला न्याय शिकवला तो शांतवन सरांनी, आणि तो असा नव्हता.

आमची शाळा मिशनची. मराठीच्या तासानंतर सरांचाच बायबलचा तास असे. माझ्या घरी गणपती, सरांच्या घरी नाताळ, मधे करंज्यांची देवघेव. सर सांगायचे, बायबलातल्या त्या जुन्या लोकांत असा नेम होता की शेताची कापणी करताना कडेपर्यंत विळा न्यायचा नाही. कोपरे उभे ठेवायचे. एखादी पेंढी शेतात विसरली तर आणायला परत जायचं नाही. ते सगळं विधवेचं, पोरक्याचं आणि परक्याचं. आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, म्हणजे ते दान का?" सरांची अंगठी थांबली. म्हणाले, "दान कसलं? तो कोपरा तुझा नाहीच. तू देत काही नाहीस, फक्त हात आवरतोस."

"आणि एखादा खोटाच गरीब बनून आला तर?"

सर हसले. म्हणाले, "भर उन्हात वाकून कणसं वेचायला येतो त्याला तू खोटा म्हणत असशील, तर तूही जा. बघ किती वेळ टिकतोस."

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. त्या गावांतले पंच वेशीत बसत. शेतावर जाणारा, शेतावरून येणारा, कुणीच नसलेली बाई, सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून जात. पुढे मोठी माणसं माजली. त्यांच्यावर ते जुने संदेष्टे, देवाचा निरोप सांगणारे, कडाडले, पण ती माणसं काही दरोडेखोर नव्हती. त्यांचे यज्ञ वेळेवर होत, त्यांचे कायदे लिहिलेले असत, अक्षर सुरेख असे. फक्त ते लिहिताना दार लावलेलं असे. तेव्हा मला हे नीट समजलं नव्हतं. आमच्या उपसमितीकडे पाहिल्यावर समजलं. एक न्यायाधीश, एक हिशेबतपासनीस, एक बिल्डर, एक डॉक्टर. चौघे सज्जन. चौघे जेवून आलेले. भूक कशाला म्हणायचं हे त्यांनी ठरवायचं होतं.

भय्यासाहेब, मी थकलो आहे. वाद घालायची ताकद आता उरलेली नाही. माझ्या वयाची माणसं सभेत असं काहीतरी बोलतात, टाळ्या मिळतात, मग श्रीखंड खातात आणि रिक्षा शोधत घरी जातात. मीही तेच करणार आहे, मला ठाऊक आहे. म्हणून फार मागत नाही. ठराव रद्द करा असंही म्हणत नाही, त्याला कोरम लागतो. आजचं जेवण तुमच्या निरोपाचं आहे, म्हणजे आजचे यजमान तुम्ही. आपली पंगत उठल्यावर ते दार उघडा आणि एक पंगत बसवा. ते पंच वेशीत बसत तसे, दाराशी, एकदा उभे राहा, आणि मग जा बंगळूरला.

इंदूबाई काही येणार नाहीत. खरं सांगायचं तर कुणीच येणार नाही. लोकांची सवय मोडली आहे. आपण दार उघडून रिकाम्या रस्त्याकडे बघत बसू, श्रीखंड कोमट होईल, अनुपम मनात म्हणेल, म्हाताऱ्याने वेळ घालवला. तरी उघडा.

भय्यासाहेबांना आणि पद्मजावहिनींना बंगळूरची हवा मानवो. क्षमाताईंनी मला बोलू दिलं, अनुपमने माइकची उंची माझ्या कुबडाला जुळवून दिली, तुम्ही सर्वांनी भुकेल्या पोटी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. ज्यांच्या निरोपाला आलो त्यांनाच चार शब्द टोचून बोललो. वयाकडे पाहून ते पोटात घाला. वहिनी, तुम्ही विशेषकरून. मी माझे दोन...

कोण आहे? मागे कोण आहे?

अनुपम, थांब, आडवा जाऊ नकोस. बोलू दे त्यांना. ए भाई, ज़ोर से बोलिए, मला कमी ऐकू येतं.

"साहब, हम शहडोल से आए हैं। हाईकोर्ट में कल पेशी थी, अब सोमवार की तारीख लगी है। बाहर बोर्ड देखा तो सोचे धर्मशाला है। यहाँ दो दिन... साहब, गलती हो गई, हम जाते हैं।"

नाही, नाही, जाऊ नका. रुकिए. अनुपम, कूपन काय विचारतोस त्यांना?

आणि भय्यासाहेब, तुम्ही उठून दाराकडे कुठे निघालात? सत्काराची शाल तरी खुर्चीवर ठेवा, पायात येते आहे. सावकाश. तिथे पायरी आहे.